ऊर्जेचे शिक्षण, करारपत्र आणि आपली मराठी

२०२३ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या तालुक्यातील एका गावी मारुतीच्या देवळात बैठक भरली होती. गावाच्या वरच्या माळावर सूर्यप्रकाशापासून वीज तयार करण्याचा प्रकल्प उभारायचा म्हणून एक कंपनी भाडेपट्ट्याने जमीन मागत होती. ज्या माळावर धड कुळीथही पिकत नाही, त्या माळाला भाडे मिळणार म्हटल्यावर गाव खूश होणे साहजिकच. करारपत्र इंग्रजीत, त्याची प्रत कन्नडमध्ये. मराठीत एक ओळ नाही. ते वाचून दाखवायला मला बोलावणे आले, कारण मी समितीचा कार्यकर्ता आणि त्यातून मास्तर. पण ते कागद मलाही पुरते उमगले नाहीत. म्हणून माझी एक माजी विद्यार्थिनी सुटीवर आली होती, तिला बरोबर नेले. ही मुलगी दहावीपर्यंत आमच्याच मराठी शाळेत शिकली, पुढे इंजिनिअर झाली आणि त्या वेळी एका विद्यापीठात ऊर्जा या विषयात एम.टेक. करीत होती. हिच्याहून योग्य माणूस आणखी कोण मिळणार?

कंपनीने दोन पर्याय ठेवले होते. एक, एकरी ठरावीक भाडे. दुसरा, भाडे कमी, पण तयार होणाऱ्या विजेवर युनिटमागे काही पैसे. गावातल्या एका जाणत्या शेतकऱ्याने तिथल्या तिथे बोटांवर हिशेब केला. एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट. म्हणजे तासाला हजार युनिट, दिवसाला चोवीस हजार! सगळ्यांच्या माना डोलल्या. दुसरा पर्याय सोन्याचा वाटू लागला.

हिशेब चुकला आहे हे त्या मुलीला क्षणात कळले. ती उभी राहिली, आणि तिच्या तोंडून ‘कपॅसिटी युटिलायझेशन फॅक्टर’, ‘जनरेशन’, ‘इर्‍रेडियन्स’ असे शब्द बाहेर पडू लागले. मराठीत आणायचा प्रयत्न करी, पण वाक्य अर्ध्यावर तुटे. शेवटी एक आजोबा म्हणाले, ‘‘आमाला कळंल असं सांग की गे पोरी!’’ हेटाळणी नव्हती त्यात, पण पोरीचे डोळे भरून आले. ज्या गावाने तिला शिकवले, त्याच गावाला तिचे शिक्षण सांगता येईना.

दोष तिचा नव्हे. नववी-दहावीत ऊर्जा, कार्य, शक्ती हे शब्द तिला मीच शिकवले. त्यापुढे पी.यू.सी.पासून एम.टेक.पर्यंत या शब्दांशी तिची गाठ पडली नाही. मुलांच्या मराठीचे आम्ही दहावीला जणू निरोप समारंभ करून टाकतो. पुढे त्या भाषेचे काय होते याची चौकशी ना शाळा करते, ना समिती.

बैठकीत मार्ग निघाला तो मात्र गमतीचा. मी तिला म्हटले, ‘‘साखर कारखान्याचे उदाहरण घेऊन बघ.’’ ती थोडी थांबली आणि म्हणाली, ‘‘टनभर ऊस घातला म्हणून टनभर साखर पडते का? नाही. उतारा पडतो दहा-अकरा टक्के. तसंच हे. एक मेगावॅट ही सगळं यंत्र भर उन्हात पूर्ण चाललं तरची ताकद. रात्र आहे, ढग आहेत, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आहे. सगळं धरून वर्षाचा उतारा सतरा-अठरा टक्के. म्हणजे दिवसाला चोवीस हजार नव्हे, सरासरी चार हजारांच्या वर थोडे.’’ देवळात एकदम शांतता. जाणत्या शेतकऱ्याने पुन्हा बोटे मोडली. वर्षाला सुमारे पंधरा लाख युनिट, आणि त्यासाठी चार-पाच एकर जमीन. आता दुसरा पर्याय तितकासा सोन्याचा राहिला नाही.

पाहा, ज्या कल्पनेसाठी परिभाषाकार ‘क्षमता वापर गुणांक’ असा घसघशीत शब्द सुचवतील, तिला आमच्या ऊस उत्पादकांकडे शब्द तयार होता. (‘उतारा’ म्हणजे जमिनीचाही उतारा, आणि तो मराठीत मिळावा म्हणून आम्ही किती निवेदने दिली ते वाचकांना सांगायला नको. पण तो वेगळा विषय.)

कन्नड प्रतीत आणखी एक खळगा होता. त्या प्रतीत पैशांचा दर ‘शक्ती’वर लिहिलेला होता. आमच्या मराठी पुस्तकात शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, वॅटमध्ये मोजतात ती. कन्नड शास्त्राच्या पुस्तकात मात्र ‘शक्ती’ म्हणजे आपली ऊर्जा, आणि आपल्या शक्तीला तिकडे ‘सामर्थ्य’ म्हणतात. शब्द दोन्हीकडे संस्कृतातून आलेला, उच्चार तोच, पण मोजायची वस्तू निराळी. गावातल्या एका तरुणाने कन्नड चांगले वाचले, पण अर्थ मराठी लावला. त्यामुळे पैसे मेगावॅटवर मिळणार की युनिटवर, यावरच अर्धा तास वाद झाला. भाषावादात आम्ही आयुष्य घातले, पण एका शब्दाने एकरभर जमिनीचा व्यवहार फिरू शकतो हे त्या दिवशी प्रथम दिसले.

हा विषय आता लांबच्या कोणाचा राहिलेला नाही. सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या आपण यल्लम्माला जाता-येता पाहतोच. कारखान्यांतून उसाच्या चिपाडावर वीज होते. घराच्या छपरावर पॅनेल बसवण्यासाठी फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राची नवी अनुदान योजना आली. तुमकूर जिल्ह्यात पावगड येथे सुमारे तेरा हजार एकरांवर २,०५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा आहे. तेथे शेतकऱ्यांची जमीन विकत घेतली नाही, भाड्याने घेतली. सुरुवातीचा दर एकरी वर्षाला २१,००० रुपये आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. पावगडची जमीन कोरडवाहू, दुष्काळी. आपल्या माळाशी तिची तंतोतंत तुलना होणार नाही, पण कराराला बसण्यापूर्वी हा आकडा गावाला माहीत हवा की नको?

म्हणून पालकांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, हे शिक्षण मुलांना जरूर द्या. डॉक्टर आणि कॉम्प्युटर यांच्यापलीकडेही विद्या आहे. यांत्रिकी, विद्युत किंवा रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन किंवा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून गेट परीक्षेमार्गे या अभ्यासक्रमांना जाता येते. मुंबईच्या आय.आय.टी.त ऊर्जेचे शिक्षण १९८१ पासून आहे, पुणे विद्यापीठातही त्याचा विभाग आहे. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या उमेदवारांचा स्वतंत्र प्रकार आहे, आणि तो आपल्या कितीतरी पालकांना ठाऊक नसतो. आणि विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ तर १९९८ पासून बेळगावात, आपल्या मच्छेला, उंबरठ्यावर आहे. तेथे उष्णतेचे शास्त्र, पॅनेलचे भौतिकशास्त्र, वाऱ्याचे गणित, वीज साठवण, विजेचे अर्थकारण असे बरेच काही शिकावे लागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते, एवढे एक सूत्र कळले तरी डोंगरमाथ्याची जागा कंपनीला एवढी प्यारी का, हे समजते.

आता भाषेकडे. आमच्या समितीतले काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात, एम.टेक.सुद्धा मराठीतून झाले पाहिजे. २०२१ पासून तांत्रिक शिक्षण परिषदेने मराठी आणि कन्नड धरून आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकीची पदवी शिकवायला मुभा दिली, त्याचा ते दाखला देतात. त्यांच्याविषयी आदर ठेवून मी असहमत आहे. संशोधन इंग्रजीत, यंत्रे परदेशी, नोकरी गुजरात-राजस्थानात, अशा वेळी आमच्या मुलांना मराठीच्या कुंपणात बसवणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे होय. उलट टोकाचे पालक म्हणतात, मग बालवाडीपासूनच इंग्रजी का नको? त्यांना त्या देवळातली बैठक दाखवायला हवी होती. त्या मुलीला उताऱ्याची उपमा सुचली ती तिच्या डोक्यात मराठी शाबूत होती म्हणून. घटनेच्या ३५० (अ) कलमाने प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला राज्यांना सांगितले आहे, ते उगीच नव्हे.

तिसरी गोष्ट लिहिताना हात जरा अडखळतो, पण लिहितो. आमच्या मुलांनी कन्नडही नीट शिकावे. सक्तीला माझा विरोध होता आणि आहे. परंतु करारपत्र कन्नडमध्ये येते, वीज मंडळाचे बिल कन्नडमध्ये येते, आणि ‘शक्ती’चा अर्थ न कळल्याने फसगत आपली होते. यावर काही मित्र रागावतील. त्यांनी खुशाल रागवावे, पण पुढच्या बैठकीला माझ्याबरोबर यावे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९३१ साली राज्यकारभाराच्या शब्दांचा एक कोश काढला, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’. त्यात इंग्रजी शब्दापुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे रकाने. मराठी राजा, गुजराती प्रजा आणि इंग्रजांचा वचक अशा ठिकाणी कारभार चालवायचा तर शब्द शेजारी शेजारी ठेवावे लागतात, हे त्या जाणत्या राजाने ओळखले होते. आपली स्थिती काय वेगळी आहे?

आमच्या शाळेत आम्ही दोनशे पानी एक वही घातली आहे. तीन रकाने : इंग्रजी, मराठी, कन्नड. पहिला भरायचे काम त्या विद्यार्थिनीने अंगावर घेतले आहे, तिसरा आमचे कन्नडचे सर पाहतात, आणि मधल्यासाठी आम्ही ऊसवाले, वायरमन, गोबरगॅसवाले, पंप दुरुस्त करणारे, सगळ्यांना विचारतो. ट्रान्सफॉर्मरला ‘रोहित्र’ हा शब्द छापील आहे, पण आमच्या गावात त्याला ‘डीपी’च म्हणतात, म्हणून दोन्ही लिहिले. ‘ग्रिड’चा मधला रकाना अजून रिकामा आहे. ‘जाळे’ म्हटले तर मुलांना मासे आठवतात.

गावाने ते करारपत्र सही न करता परत पाठवले. सोबत मराठीत अकरा प्रश्न जोडले, मुलीने त्यांचे इंग्रजी केले. किमान भाडे किती, ते दर किती वर्षांनी वाढणार, जमीन गहाण ठेवण्याचा हक्क कंपनीला आहे काय, मुदत संपल्यावर पाया उखडून माळ पूर्ववत करून देणार कोण, असे ते प्रश्न. हे लिहीपर्यंत सातांची उत्तरे आली आहेत.