घ्यायचं तर एकदाच... पण कॅमेरा नव्हे!

"घ्यायचं तर एकदाच घ्यावं, पण चांगलं घ्यावं." आमच्या बारामती-इंदापुरातलं हे लाडकं वाक्य. ट्रॅक्टर घेताना, विहिरीवर मोटर बसवताना ते ठीक असेल. पण समुद्रात बुडी मारायला नुकतंच शिकलेल्या माणसाच्या पहिल्या कॅमेऱ्याला ते लावणं मला साफ नामंजूर आहे. नात्यातली निम्मी मंडळी हा ब्लॉग वाचतात, म्हणून मुद्दाम इथेच लिहिते आहे.

झालंय असं की, माझी नात गेल्या हिवाळ्यात स्कूबाचा पहिला कोर्स पास झाली. अठरा मीटरपर्यंत जायची परवानगी मिळाली. आता तिला पाण्याखाली फोटो काढायचेत. घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तिनं विचारलं मात्र, सल्ल्यांचा पाऊस! धाकटे जावई म्हणतात मोठा कॅमेरा, त्याची पाण्याखालची पेटी आणि दोन फ्लॅश असं एकदमच घेऊन टाकावं. पुतण्या त्यावर भिंगांच्या याद्या पाठवतोय. (मी स्वतः पाण्याखाली गेलेली नाही, मालवणला होडीत बसून राहिले होते. पण आयुष्यात ऊस न लावलेला माणूसही आमच्याकडे उसाच्या दरावर तासभर बोलतो, तेव्हा मलाही तेवढी मुभा असावी.)

हा आजार मला भिगवणमुळे ओळखीचा आहे. कुंभारगाव, डिकसळला रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांच्या गळ्यात तोफेएवढी भिंगं असतात. तिथे ते एक वेळ चालतं. काठावर पाय टेकलेले असतात, नाहीतर होडी वल्हवायला नावाडी असतो. चुकलं तर पक्षी उडतो, एवढंच. पाण्याखाली नावाडीही तुम्हीच आणि होडीही तुम्हीच.

नवख्या माणसाला पाण्यात अधांतरी स्थिर राहणं जमत नाही. श्वास थोडा जास्त घेतला की वर जातो, सोडला की खाली. एका डोळ्यानं हवेचा काटा बघायचा, दुसऱ्यानं जोडीदाराला. त्यात हातात पाच-सहा किलोचं धूड आणि डोळा त्याच्या पडद्यावर! दहा मीटरवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, म्हणून श्वास रोखून वर यायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा धडा. फोटोच्या नादात नेमका श्वासच रोखला जातो. जावईबापू, तुमच्या पेटीला चाळीस बटणं आहेत, पोरीला हात दोनच.

दुसरा जीव प्रवाळांचा. मालवणच्या समुद्राचा एक भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, बसवलेलं आहे. काही दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. फोटोसाठी तोल सावरताना त्यावर एक गुडघा टेकला की पन्नास वर्षांचं काम गेलं. तेव्हा पहिल्या वीस-पंचवीस बुड्या हात रिकामे ठेवून मार, असं मी तिला सांगितलंय. पैसे त्या बुड्यांवर खर्च कर.

आता 'एकदाच'चा हिशेब बघू. ट्रॅक्टर वीस वर्षं चालतो. कॅमेऱ्याची पेटी मात्र त्या एकाच मॉडेलच्या बटणांच्या मापानं केलेली असते. चार वर्षांनी कॅमेरा बदलला की पेटी बाद. आणि मोठ्या कॅमेऱ्याची पेटी कित्येकदा कॅमेऱ्याइतकीच, कधी त्याहून महाग असते! मग यात एकदाच घेतलं काय?

शिवाय पाणी महागडं भिंग बघून वागत नाही. लाल रंग ते पहिल्यांदा गिळतं. पाच मीटरवरच तो फिका पडतो, दहापर्यंत बहुतेक गेलेला असतो, म्हणून नवख्याचे सगळे फोटो निळे-हिरवे येतात. उपाय दोनच, स्वतःचा दिवा न्यायचा आणि जवळ जायचं. तेही फसवं असतं, कारण पाण्यात वस्तू पाव अंतरानं जवळ आणि तिसऱ्या हिश्शानं मोठी दिसते. वाटतं त्याहून ती लांबच असते. दिवा भिंगाला चिकटून ठेवला तर गढूळ पाण्यातला कण न् कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. दिवा दांड्यावर, बाजूला हवा. आमच्या कोकणचं पाणी अंदमानसारखं नितळ नाही, दूरचे देखावे तिथे धुरकटच यायचे. तिथे खरी मजा बोटाएवढ्या गोष्टींची, म्हणजे खेकड्याची पिल्लं, बिनकवचाच्या रंगीत समुद्री गोगलगायी. त्याला छोटा, जवळून टिपणारा कॅमेराच बरा.

ऑलिंपसच्या टीजी मालिकेतला कॅमेरा (आता ओएम सिस्टम नावानं येतो) पेटीशिवाय पंधरा मीटरपर्यंत चालतो, एक सेंटीमीटरवरून फोटो घेतो. तिच्या अठरा मीटरसाठी त्याची छोटी पेटी घ्यावीच लागेल, ती पंचेचाळीसपर्यंत पुरते. गोप्रो चलचित्राला झकास, पण वेगळं भिंग लावल्याशिवाय गोगलगाय त्याला पेलत नाही. फोनची प्लास्टिकची पिशवी तर नकोच! ज्या फोनात बँक आहे तो पिशवीत घालून समुद्रात न्यायचा, ही हौस कोणाला परवडते? आणि छोटा म्हणजे खेळणं, असंही समजू नका. कूस्तोच्या कल्पनेतून निघालेला कॅलिप्सो कॅमेरा निकॉननं 1963 मध्ये निकोनॉस नावानं आणला. तो स्वतःच पाणबंद होता, त्याला पेटीच नव्हती, आणि 2001 पर्यंत त्याची मालिका चालली.

पेटी घेतली की तिची ओ-रिंग सांभाळणं आलं. ठिबक करणाऱ्याला हे सांगायला नको. ग्रोमेटमध्ये कचरा अडकला की नळी गळते, तसं इथे एक केस अडकला की कॅमेरा गेला. म्हणून पहिल्यांदा पेटी रिकामी, आत कोरडा टिशू कागद घालून बुडवावी आणि दरवेळी खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात भिजत ठेवावी.

पुतण्याची आणखी एक सूचना आहे की सराव उजनीत करावा, पळसदेवच्या बुडालेल्या देवळाचे पाण्याखालून फोटो येतील. बाळा, उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, तिथे आपलाच हात दिसायची मारामार, वर मासेमारीची जाळी. पळसदेवचं शिखर उन्हाळ्यात पाणी उतरलं की आपोआप वर येतं, तेव्हा काठावरून काढ की काय काढायचं ते! सरावाला पोहण्याचा तलाव आहे.

शंभर बुड्या झाल्यावर तिनं मोठा कॅमेरा मागितला तर मी आड येणार नाही. दिवा आणि त्याचे दांडे त्यालाही चालतील. तेव्हा जावईबापूंना यंदा काही द्यायचंच असेल तर त्यांनी तिला एक चांगला दिवा द्यावा. कॅमेऱ्याचं तिचं ती बघेल.