बिल वाचा, मगच भरा
सिल्वासा-वासोणा परिसरातील आपल्या जुन्या घरांत वाण्याची यादी ओळीओळीने तपासली जाते. केबल, फोन, इंटरनेटचे बिल मात्र न वाचताच भरले जाते. जाहिरातीत दिसतो तो मूळ दर. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि टीव्हीच्या बिलात वाहिन्यांच्या किमतीखेरीज नेटवर्क क्षमता शुल्क वेगळे. पहिल्या १०० वाहिन्यांसाठी या शुल्काला १३० रुपयांची मर्यादा २०१९ पासून लागू झाली. जुलै २०२४ मध्ये ‘ट्राय’ने मर्यादाच उठवली. आता राखण आपणच करायची. तपशीलवार बिल मागा, नको त्या वाहिन्या बंद करा. दाद मिळत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांनाही विचारा : दरपत्रक आम्हाला मराठीत कधी मिळणार?