रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

समजा, तुमचा मुलगा सैन्यात आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो लातूर-नांदेडकडच्या आपल्या गावी आला. घरी खसखस लावलेले अनारसे पोटभर खाल्ले. खोकला होता म्हणून कोडीन असलेले सिरपही घेतले. परत हजर झाल्यावर त्याची लघवी तपासली आणि कागदावर आले: ‘ओपिएट पॉझिटिव्ह’. गाव लगेच म्हणणार, ‘पोरगं नशेला लागलं!’

डॉक्टर म्हणून माझा या घाईलाच विरोध आहे.

असे कसे होते?

खसखस अफूच्याच बोंडातून येते. दाण्यांना चिकटलेल्या चिकात थोडे मॉर्फिन असते. कोडीनचेही शरीरात काही प्रमाणात मॉर्फिन होते. पट्टीवरची पहिली तपासणी फक्त ‘या गटातले काहीतरी आहे’ एवढेच सांगते. ते कुठून आले, हे सांगत नाही. सर्दीच्या काही औषधांमुळे तर अॅम्फेटामाइनची पट्टीही खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

खात्री होते ती गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीसारख्या दुसऱ्या तपासणीने. हेरॉइन घेतले असेल, तर त्याची स्वतःची वेगळी खूणही शोधता येते. मात्र खसखशीतले मॉर्फिन या तपासणीतही मॉर्फिनच दिसते. म्हणून किती सापडले, तो आकडा महत्त्वाचा. याच कारणाने अमेरिकेने १९९८ मध्ये सरकारी नोकरांच्या चाचणीची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने जवानांना खसखस टाळायला सांगितले. मग आपल्याकडे पट्टीच्या एका रेघेवर माणसाची नोकरी का तोलायची?

अशी वेळ आली तर काय कराल?

- गेल्या आठवड्यात घेतलेली औषधे, चिठ्ठ्या आणि खाणे लगेच लिहून काढा.
- खात्रीची तपासणी झाली का, आकडा किती आला, हे लेखी मागा.
- नमुना तुमच्यासमोर सीलबंद झाला का, पुढे कोणाकोणाच्या हातातून गेला, ते विचारा.
- घाबरून कबुलीजबाबावर सही करू नका. आधी वकील गाठा. पोलिसांना घटनेच्या ३११व्या कलमाचा आधार आहे. जवानांना ते कलम लागू नाही. त्यांच्यासाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे.

आता दुसरी बाजू

हा लेख पळवाट नाही. मैदानी चाचणीत दम टिकावा म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन टोचून घेणाऱ्या पोरांना अनारशाची सबब चालणार नाही. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले, पोलीस दलातले पैलवान नरसिंग यादव आठवतात ना? २०१६ मध्ये त्यांच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडले. कोणीतरी घातपात केला, हे त्यांचे म्हणणे ‘नाडा’ने मान्य केले, पण १८ ऑगस्टला क्रीडा लवादाने पुराव्याअभावी ते फेटाळले आणि चार वर्षांची बंदी घातली. रिओ ऑलिंपिक हुकले. नुसते ‘मी नाही घेतले’ म्हणून भागत नाही, पुरावा लागतो. तो पहिल्याच दिवसापासून जपा.

दोषी असेल त्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण आधी दुसरी तपासणी होऊ द्या. आणि शेजारच्या पोराचा रिपोर्ट कानावर आला, तर निदान तोवर तरी त्याला नशेबाज म्हणू नका.