चेहरा परत देताना

युद्धाची बातमी आपण आकड्यांत वाचतो. मृतांचा आकडा पहिल्या ओळीत, जखमींचा दुसऱ्या ओळीत. आणि तेथेच बातमी संपते. जखमींचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारत नाही. ज्याचा जबडा स्फोटात गेला, ज्या मुलीची बोटे भाजून एकमेकांना चिकटली, त्यांच्यासाठी युद्ध शस्त्रसंधीच्या दिवशी थांबत नाही. एका शस्त्रक्रियेमागून दुसरी, असे ते वर्षानुवर्षे चालू राहते.

आम्ही ज्या ब्रिटनमध्ये राहतो, त्या देशाने हा धडा पहिल्या महायुद्धात घेतला. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकाच्या चेहऱ्यावरच गोळी वा तोफगोळ्याचा तुकडा बसे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले शल्यविशारद हॅरल्ड गिलीज यांच्या प्रयत्नांनी १९१७ साली सिडकप येथे अशा जखमींसाठी स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. तेथे पाच हजारांहून अधिक सैनिकांवर उपचार झाले. त्वचेची पट्टी नळीसारखी शिवून, तिचा रक्तपुरवठा कायम ठेवून ती चेहऱ्यापर्यंत आणण्याची पद्धत गिलीज यांनी तेथे रूढ केली. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात या बंदिस्त नळीमुळे जंतुसंसर्ग कमी झाला.

परंतु त्याच सिडकपमध्ये रुग्णालयाकडून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील काही बाके निळ्या रंगाने रंगवलेली होती. येथे बसलेल्या माणसाचा चेहरा पाहून धक्का बसेल, अशी ती गावकऱ्यांना सूचना होती. निळा रंग आम्हाला स्वाभिमानाचा. तेथे मात्र तो नजर वळवण्याचा इशारा ठरला. ज्यांच्या पूर्वजांना सार्वजनिक रस्त्यावर स्वतःच्या सावलीचाही हिशेब द्यावा लागला, त्या आम्हांला त्या बाकाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या महायुद्धात ईस्ट ग्रिनस्टेडने वेगळा मार्ग धरला. गिलीज यांचे नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो तेथे होरपळलेल्या वैमानिकांवर उपचार करीत. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात, या निरीक्षणावरून त्यांनी मिठाच्या पाण्याच्या स्नानाचा अवलंब केला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांनी गावालाही उपचारात सामील करून घेतले. रुग्णांनी गणवेशात बाहेर पडावे, गावकऱ्यांनी त्यांना घरी जेवायला बोलवावे, असा त्यांचा आग्रह होता. टक लावून न पाहणारे गाव, अशी त्या गावाची ख्याती झाली. आमच्या मते अर्धी शस्त्रक्रिया टेबलावर होते आणि उरलेली अर्धी समाजाच्या डोळ्यांत.

या विद्येचा एक धागा पुण्याशी जुळलेला आहे. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. तेथे त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभरानंतर पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक बसवले आणि ते चिकटावे म्हणून कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या. हा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली.

प्राचीन भारतात प्लास्टिक सर्जरी होती, हे आपण अभिमानाने सांगतो. मग हेही सांगितले पाहिजे की त्या वृत्तांतात रुग्णाचे नाव आहे, शस्त्रक्रिया पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांची नावे आहेत; पण ज्याच्या हातांनी ते नाक घडवले त्याचे नाव नाही. ज्ञान हातात होते, प्रतिष्ठा नव्हती. केवळ ग्रंथांचा गौरव करून हे ऋण फिटणार नाही.

आज हेच काम जॉर्डनमधील अम्मान येथे चालते. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने २००६ साली इराकी जखमींसाठी तेथे पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. पुढे सीरिया, येमेन आणि गाझा येथील रुग्णही आले. हाड जोडणे, त्वचारोपण, व्यायामोपचार आणि मानसिक आधार या साऱ्यांना महिने लागतात. आपण देणगी मात्र युद्धाच्या पहिल्या आठवड्यात देतो आणि बातमी मागे पडली की विसरतो.

म्हणून आमचे वाचकांना सांगणे आहे : आपल्या मंडळांनी युद्धग्रस्तांसाठी गोळा केलेल्या निधीचा एक भाग या दीर्घ उपचारांसाठी राखून ठेवावा. बातमी थंडावल्यावर, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी, तो द्यावा. आणि आपल्याच शहरात बस थांब्यावर असा चेहरा शेजारी येऊन बसला, तर जागा बदलू नये, नजर चोरू नये. हवापाण्याच्या दोन गोष्टी बोलाव्यात. त्याला पैसे लागत नाहीत, आणि कोणताही शल्यविशारद ते आपल्या वतीने करू शकत नाही.