घरकामाचा भार कोणाच्या खांद्यावर?

घरात दोन लहान मुले, पतिपत्नी दोघेही नोकरीवर आणि मोलकरणीने अचानक खाडा केला की त्या घरात जी तारांबळ उडते, तिच्याकडे विनोदाचा विषय म्हणून पाहण्याची आपल्या पांढरपेशा समाजात रीत आहे. वस्तुतः हा प्रश्न विनोदाचा नसून श्रमाच्या विभागणीचा आहे, आणि म्हणूनच तो कामगार चळवळीचाही प्रश्न आहे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दररोज सरासरी २९९ मिनिटे त्यात खर्ची पडत होती. पुरुषांचा आकडा होता ९७ मिनिटे. बरे, ही ९७ मिनिटे देणारे पुरुष तरी किती? शंभरात सुमारे २६. स्त्रिया मात्र शंभरात ८१. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांचा आकडा २८९ वर आला. पाच वर्षांत दहा मिनिटांची सूट! पुरुषांचा वाटा या काळात वाढला तर नाहीच, उलट ८८ मिनिटांवर घसरला. मुलांची देखभाल हा याखेरीजचा भार आहे.

बँकेतील कारकून, रुग्णालयातील परिचारिका, शाळेतील शिक्षिका दिवसाची एक पाळी बाहेर आणि दुसरी घरात करते. हा भार असह्य झाला की ती धुणीभांडी आणि केरफरशीसाठी बाई ठेवते. यात तिने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. परंतु यातून घडते काय, हे स्पष्टपणे पाहिले पाहिजे. कामाचा बोजा एका स्त्रीच्या पाठीवरून दुसऱ्या, अधिक गरीब स्त्रीच्या पाठीवर जातो. घरातला पुरुष मोकळा तो मोकळाच राहतो आणि शासनही हात झटकते.

आणि त्या दुसऱ्या स्त्रीची मुले? दुसऱ्याचे मूल तिने कडेवर घ्यावे म्हणून तिचे स्वतःचे तान्हे झोपडीत सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली केले जाते. त्या बहिणीची शाळा सुटते, आणि काही वर्षांनी तीच आईच्या जागी भांडी घासायला उभी राहते. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास २००६ पासून बंदी आहे. पण या साखळीची पहिली कडी तोडल्याखेरीज ती बंदी कागदावरच राहणार.

मालकीण आणि मोलकरीण यांचे हितसंबंध एकच आहेत, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. स्वतःच्या पगारातून दुसरीचा पगार देणाऱ्या गृहिणीला प्रत्येक वाढ टोचते, हे खरे आहे. परंतु आपली ओढाताण ही दुसरीला कमी मोल देण्याची सबब होऊ शकत नाही. पुण्यातील मोलकरणींनी १९८० साली संप करून हेच बजावले होते.

कायद्याची स्थिती काय आहे? कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामगारांसाठी किमान वेतन अधिसूचित केले. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. पण कल्याण म्हणजे मदत, वेतनाचा आणि रजेचा हक्क नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांविषयीचा करार क्रमांक १८९ संमत केला. भारत सरकारने त्याला अद्याप अनुमोदन दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला या कामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास सांगितले. विचार पुष्कळ झाला. आता कायदा हवा.

तीच कथा पाळणाघरांची. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले. मोलकरणीची ‘आस्थापना’ कोणती? ती तर चार घरांत विखुरलेली! १९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाडीचे तास तिच्या कामाच्या तासांना पुरत नाहीत. म्हणून वस्तीवस्तीत दिवसभर चालणारी सार्वजनिक पाळणाघरे हवीत, आणि तेथे काम करणाऱ्या स्त्रियांना मानधन नव्हे, वेतन हवे. नोकरदार आई आणि मोलकरीण या दोघींनी खांद्याला खांदा लावून लढावी, अशी ही मागणी आहे.

तोवर आपल्या घरात काय चालते, हेही तपासले पाहिजे. आठवड्याची सुटी, आजारपणातील भरपगारी रजा, दिवाळीचा बोनस, चहाला वेगळा कप नाही, शौचालय वापरण्यास मज्जाव नाही, या गोष्टींसाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आणि सभेत समतेवर बोलून घरी आलेल्या कार्यकर्त्याने आपले ताट स्वतः घासावे, मुलाला आंघोळ घालावी, यासाठी तर मुळीच नाही. ज्या चळवळीतील पुरुषांना घरातील श्रम दिसत नाहीत, तिने बाहेरच्या शोषणाविरुद्ध उठवलेला आवाज अपुराच राहील.