पुस्तकी किंमत संपली, वस्तू नव्हे

हैदराबादच्या हायटेक सिटीत भाडेकरू कंपनी बदलली की बहुतेकदा पार्टिशन, फॉल्स सीलिंग, टेबले सगळेच बदलते. हल्ली नवे सामान ‘ग्रीन’ असावे असा आग्रह असतो. हेतू चांगला, पण आम्हा बँकवाल्यांना हा हिशेब अपुरा वाटतो.

आमच्या शाखेतील सागवानी काउंटर डेडस्टॉक रजिस्टरमध्ये घसारा जाऊन कवडीमोल झाले होते. नूतनीकरणात ते भंगारात गेले आणि लॅमिनेटचे पार्टिकल बोर्ड आले. संपली होती ती पुस्तकी किंमत; लाकूड ठणठणीत होते. वस्तू बनवतानाचे उत्सर्जन एकदाच होते. ती जितकी टिकेल, तितका दर वर्षाचा वाटा कमी.

शिक्केही नीट वाचावेत. प्लायवूडवरचा ‘ई-झिरो’ फॉर्माल्डिहाइडबद्दल सांगतो, कार्बनबद्दल नव्हे. भंगारातून केलेल्या ॲल्युमिनियमला मात्र नव्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. फरशी लागलीच, तर तांडूर आणि शहाबाद आपल्याला जवळ आहेत.

आपल्यापैकी ज्यांच्याकडे कार्यालयाचे वा संस्थेचे काम असेल, त्यांनी कोटेशन मागवताना पहिला रकाना ‘काय ठेवता येईल’ हा ठेवावा, ही विनंती.