‘हे तर कुणालाही सुचलं असतं!’

अवघड गणिताचं उत्तर बघितलं की ‘अरे, सोप्पं होतं की!’ असं वाटतं ना? पेटंटच्या खटल्यात नेमकी हीच गोची असते.

रिस्डिप्लाम हे स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या दुर्मीळ आजारावरचं औषध. रोश कंपनीची एक बाटली सुमारे ६ लाखांची. नॅटकोने ते स्वस्तात आणायचं ठरवलं आणि रोशने पेटंट पुढे केलं. नॅटकोचं म्हणणं : तुमच्याच जुन्या पेटंटमधल्या रेणूतला एक सीएच गट काढून तिथे नायट्रोजन बसवलाय, यात शोध कसला?

कायदा विचारतो, त्या विषयातल्या जाणकाराला आधीच्या माहितीवरून हा बदल सहज सुचला असता का? मार्च २०२५मध्ये दिल्ली हायकोर्टाने नॅटकोला रोखायला नकार दिला. ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने रोशचं अपील फेटाळलं, सुप्रीम कोर्टानेही हस्तक्षेप केला नाही. नॅटकोची बाटली १५,९०० रुपयांत आली.

पेशंटसाठी ही मोठी बातमी. पण एक मुद्दा खटकतो. दोन्ही पेटंटमागे संशोधक सामाईक, म्हणून खंडपीठाने ‘आतली माहिती असलेल्या माणसा’च्या नजरेतून पाहिलं. त्याला बाहेरच्या जाणकारापेक्षा जास्तच कळणार! उद्या तुम्ही स्वतःच्याच शोधाची पुढची पायरी गाठलीत आणि हीच पट्टी लावली तर?

हे आदेश अंतरिम आहेत, मूळ दाव्याचा फैसला वेगळा. औषध स्वस्त हवंच. पण मोजपट्टीही सगळ्यांना एकच हवी.